प्रपत्रात न मावणारी कर्तबगारी

विद्यापीठ अनुदान आयोगाने 2010 साली प्राध्यापकांच्या कामाला गुण देणारी एपीआय (शैक्षणिक कामगिरी निर्देशक) पद्धत आणली. तेव्हापासून शोधनिबंध, चर्चासत्रे आणि पुस्तकातील प्रकरणे यांचे रकाने भरताना मला दरवेळी मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातील जुनी मंडळी आठवतात. सी. एन. वकील, एम. एल. दांतवाला, डी. टी. लकडावाला आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी हे प्रपत्र कसे भरले असते, असा प्रश्न पडतो. (वकिलांनी ते भरण्यास नकार दिला असता, असे माझे खासगी मत.)

दुसरी पंचवार्षिक योजना संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या आराखड्यावर उभी राहत असताना वकील आणि ब्रह्मानंद यांनी 1956 साली पुस्तक लिहून सरळ विरोधी मांडणी केली. शेतीत प्रच्छन्न बेकारीत (कामावर दिसणारे, पण उत्पादनात भर न घालणारे) अडकलेले हात कामाला लावायचे, तर त्या हातांना रोज लागणारे धान्य आणि कापड आधी हवे. म्हणजे आपल्याकडील खरा तुटवडा यंत्रांचा नसून वेतनवस्तूंचा (मजुरी ज्यांवर खर्च होते त्या वस्तूंचा) आहे, असे त्यांचे म्हणणे होते. सरकारने ते स्वीकारले नाही. मात्र सुमारे दहा वर्षांनी, सलग दुष्काळांनंतर, देश अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसला, तेव्हा या मांडणीतील निम्मे तरी तथ्य उघड झाले. निम्मे म्हणण्याचे कारण असे की, शेतीचे उत्पादन वाढवण्यासाठी खते, पंप आणि वीज लागणार आणि ती उद्योगांतूनच येणार, या आक्षेपाचे उत्तर त्या मांडणीत मला पुरेसे सापडत नाही. तरीही सरकारी आराखड्याला तोडीस तोड पर्याय विद्यापीठातून पुढे यावा, ही गोष्ट लहान नव्हती. पुढे 1974 साली, भाववाढ हाताबाहेर चालली असताना, या दोघांच्या पुढाकाराने शंभराहून अधिक अर्थतज्ज्ञांनी पंतप्रधानांना निवेदन दिले. त्याच वर्षी सरकारने पगारवाढीचा काही भाग सक्तीने ठेव म्हणून अडकवण्यासारखे कठोर उपाय योजले.

दांतवालांची वाट वेगळी होती. स्वातंत्र्यलढ्यातील हा कार्यकर्ता गांधीजींच्या विश्वस्त कल्पनेचा (धनिकाने संपत्ती समाजासाठी सांभाळावी, या विचाराचा) व्यवहार्य मसुदा तयार करण्यात सहभागी होता आणि 1965 साली कृषी मूल्य आयोगाचा पहिला अध्यक्ष झाला. हमीभावावरून आज जो वाद चालतो, त्याचे व्यासपीठ तेथून उभे राहिले.

लकडावाला 1977 ते 1980 या काळात नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष होते, पण त्यांच्या नावाशी अधिक जोडला गेला तो 1993 सालचा दारिद्र्यविषयक तज्ज्ञ गटाचा अहवाल. सगळ्या देशाला एकच मोजपट्टी लावण्याऐवजी प्रत्येक राज्याची वेगळी दारिद्र्यरेषा काढावी, आणि भाववाढ मोजताना ग्रामीण भागासाठी शेतमजुरांचा, तर शहरांसाठी औद्योगिक कामगार आणि शहरी श्रमिकेतर कर्मचारी यांचा किंमत निर्देशांक वापरावा, असे त्या गटाने सुचवले. या पद्धतीने गरिबांचे प्रमाण तोवरच्या सरकारी आकड्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. याच लकडावालांनी त्याआधी मुंबई शहराची आर्थिक पाहणी करून इथल्या कामगारांचे रोजगार आणि वेतन नोंदवले होते. घरोघरी प्रश्नावली घेऊन जाण्याचे हे काम वेळखाऊ आणि कंटाळवाणे असते. एका पाहणीच्या वेळात चार शोधनिबंध सहज छापून होतात.

आजचे प्राध्यापक कमी हुशार आहेत, असे मला मुळीच म्हणायचे नाही. संख्याशास्त्राची आणि संगणकाची जी साधने त्यांच्या हाती आहेत, ती वकिलांच्या पिढीला मिळाली नव्हती. पण विभागाच्या वार्षिक अहवालात ‘आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत इतके निबंध’ अशी ओळ वाचली की, त्या निबंधांत काय सिद्ध झाले आणि ते कोणाला खटकले, याचा शोध मी घेऊ लागतो, आणि तो बहुधा लागत नाही. प्रपत्रात एक रकाना वाढवण्याचा अधिकार मला मिळाला, तर मी एवढेच विचारीन: गेल्या पाच वर्षांत आपल्या कोणत्या निष्कर्षाला विरोध झाला, तो कोणी केला, आणि आपण त्याला काय उत्तर दिले?