मामांच्या फॉरवर्डला उत्तर (जरा लांबलंय)

परवा मामांनी फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड टाकला, "मोर्चे काढून बलात्कार थांबत नाहीत" वाला, तुमच्याकडेही आलाच असेल. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं की बायकांचे हे मोर्चे म्हणजे परदेशातून आलेलं खूळ, आपण दाराला कुलूप लावतो तसं पोरींनी स्वतःला जपावं, रात्री बाहेर कशाला पडायचं, इतकी वर्षं मोर्चे निघतायत तरी आकडे वाढतायतच, मोर्चात जातात त्या शहरातल्या पोटभरल्या बायका, आणि निम्म्या केसेस तर खोट्याच असतात. खाली हात जोडलेले. त्यावर अकरा अंगठे आले, त्यातला एक माझ्या सख्ख्या बहिणीचा, म्हणून बसले लिहायला.

"हे खूळ परदेशातून आलं"

स्लटवॉक नावाच्या मोर्च्याबद्दल (इंग्रजीत 'स्लट' म्हणजे 'तसली' बाई) बोलत असाल तर हो, ते कॅनडातल्या टोरांटोचं. जानेवारी २०११ मध्ये तिथल्या एका पोलिसाने कायद्याच्या विद्यार्थ्यांसमोर अक्कल पाजळली की बायकांनी 'तसल्या' बायकांसारखे कपडे घालू नयेत म्हणजे त्यांच्यावर अत्याचार होणार नाहीत, एप्रिलमध्ये तिथे मोर्चा निघाला, आणि ३१ जुलै २०११ ला दिल्लीत जंतरमंतरला 'बेशर्मी मोर्चा' म्हणून झाला. ते नाव मला स्वतःला काही झेपलं नव्हतं, आणि इथल्या चळवळीतल्या बऱ्याच जणींनाही नव्हतं. पण आलेल्या बहुतेक जणी जीन्स नाहीतर सलवार कमीज घालूनच आल्या होत्या, कॅमेरे घेऊन भलतंच काही बघायला गेलेल्यांची निराशा झाली असणार.

पण आपल्याकडे सुरुवात तिथून नाही झाली, वडशाहून झाली. मामा, तुम्ही आरमोरीला राहता, वडसा तुमच्यापासून अर्ध्या तासावर. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंज (म्हणजे वडसाच) पोलीस स्टेशन, तेव्हा जिल्हा चंद्रपूर होता. मोलमजुरी करणारी, आईबाप नसलेली आदिवासी मुलगी, वय चौदा ते सोळा. ती एका मुलाबरोबर राहत होती म्हणून तिच्या भावानेच तक्रार दिलेली, त्याच्या चौकशीला सगळे आलेले. जबाब झाले, बाकीच्यांना जा म्हणाले आणि हिला एकटीला थांबवून घेतलं. भाऊ आणि नातेवाईक बाहेर उभे, आणि आत दोन पोलीस. बलात्काराचा हा खटला तिच्या नावानेच ओळखला जातो, पण मी नाव लिहीत नाहीये, कारण नाव छापायचं नाही हा नियमसुद्धा याच केसनंतर आलेला आहे. कागदोपत्री ते तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य.

सेशन्स कोर्ट म्हणालं, मुलीला आधीपासून शरीरसंबंधांची सवय आहे, म्हणजे संमती असणार, दोघं सुटले. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने ते फिरवलं, म्हणाले भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नाही, शिक्षा दिली. मग १९७८ ला सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. का, तर अंगावर जखमा नाहीत, मग प्रतिकार केलाच नसेल, ओरडली म्हणते तेही खोटं असेल. पोलीस स्टेशनच्या आत, पोलिसांसमोर, पंधरा वर्षांच्या पोरीने मारामारी करून जखमा दाखवायला हव्या होत्या!

आता फॉरवर्डमधली यादी घ्या आणि ताडून बघा. कपडे? त्याचा कोणी विषयही काढला नाही. एकटी फिरत होती? सख्खा भाऊ बाहेर उभा होता. चुकीच्या ठिकाणी गेली? पोलीस स्टेशनात होती हो.

उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, आणि ८ मार्च १९८० ला मुंबई, नागपूर, दिल्ली अशा कितीतरी ठिकाणी बायका रस्त्यावर उतरल्या, खटला पुन्हा उघडा म्हणून. तेव्हा टोरांटोचा तो पोलीस शाळेत तरी जात होता की नाही देव जाणे.

"कुलूप लावतो ना आपण"

ही उपमा मला दरवेळी ऐकवतात. बरं, घरफोडी झाली तर पोलीस येऊन पंचनामा करतात की नाही? कुलूप साधंच होतं, तुमचीच चूक, चोराची काय ती, असं म्हणून परत पाठवतात का? आणि मुळात कुलूप लावून उपयोग काय, किल्ली चोराकडेच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे २०१२ चे आकडे आहेत, बलात्काराचे गुन्हे २४,९२३, त्यातल्या २४,४७० मध्ये आरोपी बाईच्या ओळखीतला. शंभरातले अठ्ठ्याण्णव! नंतरच्या वर्षांतही हे प्रमाण नव्वदच्या वरच आहे. शेजारी, नातेवाईक, मालक, लग्नाचं वचन देणारा. ओढणी नीट घे हे आपण पोरीला रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी सांगतो आणि घरात आलेल्या पाहुण्याला मात्र तिलाच पाणी न्यायला लावतो.

आणि हे फक्त मामालोकच बोलतात असं नाही. आपल्या राज्य महिला आयोगाच्या एक सदस्यच २०१४ मध्ये नागपुरात जाहीर म्हणाल्या होत्या की मुलींचे कपडे, वागणं आणि नको त्या ठिकाणी जाणं याने बलात्कार होतात. महिला आयोग!

"रात्री बाहेर कशाला"

९ ऑगस्ट २०२४, कोलकात्याचं आरजी कर हॉस्पिटल, बलात्कार करून जिचा खून केला ती डॉक्टर ड्युटीवर होती. रात्री बाहेर वगैरे काही नाही, कामाच्या जागी होती, जरा पडायला म्हणून सेमिनार हॉलमध्ये गेलेली. तरी पहिला सूर काय निघाला, तर एकटी कशाला गेली तिकडे. त्यावर १४ ऑगस्टच्या मध्यरात्री बंगालभर बायका रस्त्यावर आल्या, रात्र आमची म्हणून. मग सरकारने सुरक्षेचे म्हणून जे नियम काढले त्यात काय लिहिलेलं, तर शक्यतो बायकांना नाइट ड्युटी देऊ नका! सप्टेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने झापलं की तुमचं काम संरक्षण द्यायचं, बायकांना घरी बसवायचं नाही, तेव्हा ते मागे घ्यायला तयार झाले. बाईवर अत्याचार झाला की शिक्षा म्हणून बाकीच्या बायकांची ड्युटी काढा, असा हा हिशोब.

इंग्लंडात लीड्सला १९७७ ला हेच झालं होतं (हो, परदेश, पण ऐका). एक माणूस बायकांचे खून करत सुटलेला, पोलीस म्हणाले बायकांनी अंधार पडल्यावर घरात राहावं. बायका नोव्हेंबरच्या रात्री मशाली घेऊन निघाल्या, म्हणाल्या खून पुरुष करतोय तर संचारबंदी पुरुषांवर लावा. यात तर्क कुठे चुकला ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

"मोर्च्यांनी फरक काय पडला"

हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो कारण यात गृहीतच असं धरलंय की मोर्चा बलात्काऱ्याला सुधारायला काढतात. त्याला बघून तो सुधारणार नाही हे बायकांना कळतं हो, तेवढी अक्कल आहे. मोर्चा असतो ठाण्यासमोर, कोर्टासमोर, मंत्रालयासमोर, तक्रार घेत नाही त्याच्यासाठी.

आणि तिथे फरक पडलाय. १९८३ मध्ये कायदा बदलला, पोलीस कोठडीतल्या बलात्कारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती तर कोर्टाने तेच धरून चालायचं. पुरावा कायद्यात १८७२ पासून एक कलम होतं, १५५ (४), बलात्काराच्या खटल्यात आरोपीच्या वकिलाला ही बाई चारित्र्याने वाईट आहे असं दाखवून तिची साक्ष खोटी पाडायची मुभा, ते गेलं २००२ च्या शेवटी. म्हणजे एकशेतीस वर्षं हे 'बाईचंच काहीतरी असेल' निव्वळ पारावरचं बोलणं नव्हतं, छापील कायदा होता. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने २९ दिवसांत अहवाल दिला आणि २०१३ च्या कायद्यात स्पष्ट लिहून आलं की बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती होती असं म्हणता येणार नाही. वडशाच्या पोरीला सुप्रीम कोर्टाने जे ऐकवलं त्याचं हे उत्तर, पस्तीस वर्षांनी. उशीर झाला पण आलं ना. टू फिंगर टेस्ट (बाईला संबंधांची सवय आहे का ते बोटांनी तपासणं) करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी, हे तर सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये सांगितलं, काल-परवाचं आहे.

आकडे वाढले म्हणता ते बरोबर, २०१२ चे २४,९२३ आणि २०१३ चे ३३,७०७. पण त्याच वर्षी बलात्काराची व्याख्या मोठी झाली, संमतीचं वय सोळाचं अठरा झालं आणि तक्रार न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद आली. आधी जे हाकलून देत होते ते कागदावर यायला लागलं. त्या वाढीचा अर्थ मोर्चे फुकट गेले असा काढायचा म्हणजे दवाखाना उघडल्यावर गावात पेशंट वाढले म्हणण्यासारखं आहे.

"पोटभरल्या शहरी बायका"

इथे मात्र मी अर्धी मान हलवते. १९८० चे मोर्चे एका मजूर आदिवासी मुलीसाठी निघाले, हे वर लिहिलंच. पण सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी झालं, एका दलित कुटुंबातल्या चौघांना मारलं, तेव्हा रस्त्यावर आला तो दलित समाज, लाठ्याही त्यानेच खाल्ल्या, दिल्लीला पेटल्या तेवढ्या मेणबत्त्या तेव्हा पेटल्या नाहीत. कोर्टात फाशी-जन्मठेप सगळं सुनावलं गेलं पण अॅट्रॉसिटी (दलित-आदिवासींवरच्या अत्याचारांविरुद्धचा कायदा) लागली नाही. याची लाज मोर्चे काढणाऱ्यांनाही वाटली पाहिजे आणि बऱ्याच जणींना वाटतेही. फक्त यातून निघतं काय, तर मोर्चे कमी पडले. कमी काढा, असं कसं निघेल?

"निम्म्या केसेस खोट्या"

निम्म्या हा आकडा कुठून आला तेवढं लिंकसकट टाका, मग बोलू. आरोपी सुटला म्हणजे केस खोटी असं असेल तर वडशाचीही खोटीच धरायची का?

फॉरवर्डच्या शेवटी लिहिलंय सहमत असाल तर दहा ग्रुपवर पाठवा. मी एकाच ग्रुपवर टाकतेय, जिथून आला तिथेच. ताई, अंगठा काढ आधी.