एका सेलवर १४ वर्षं? डीप स्लीपच्या हिशेबातली ग्यानबाची मेख

घरच्या घरी वायरलेस सेन्सर बनवणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर आणि छोट्या व्हिडिओंमधून एक हिशेब सारखा फिरत असतो. थोड्याफार फरकानं तो असा: नोडएमसीयू हा वायफायचा तयार छोटा बोर्ड घ्या, कोडमध्ये डीप स्लीपची, म्हणजे चिपला गाढ झोपवणारी, एक ओळ टाका. झोपेत त्यावरची वायफाय चिप, ईएसपी-८२६६, फक्त २० मायक्रोअँप, म्हणजे ०.०२ मिलिअँप खाते. २५०० एमएएचचा (मिलिअँप-तासांचा) १८६५० हा लिथियम-आयन सेल लावा. २५०० भागिले ०.०२, म्हणजे १,२५,००० तास, म्हणजे १४ वर्षं. दर दहा मिनिटांनी क्षणभर जागा होतो, ते नगण्य. सेलला जागा नसेल तर कॉइन सेल आणि एक मोठा कपॅसिटर लावा. सेन्सर कोणताही चालतो. डबी जितकी लहान तितकी बरी. वेगळा पीसीबी (छापील सर्किट बोर्ड) बनवायची गरज नाही. विश्वास नसेल तर मल्टिमीटर लावून बघा.

भागाकार बरोबर आहे. बाकी जवळजवळ प्रत्येक वाक्यात गोची आहे. आणि हा हिशेब खरा धरून कोणी गच्चीवरच्या टाकीला किंवा द्राक्षबागेतल्या ओळीत सेन्सर बसवतो, तेव्हा महिन्याच्या आत सेल बदलायला तोच जातो, व्हिडिओ बनवणारा नाही. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

“झोपेत फक्त २० मायक्रोअँप.”

हा आकडा चिपचा आहे, हातातल्या बोर्डाचा नाही. घरातला माणूस झोपला म्हणून दिवे-पंखे आपोआप बंद होत नाहीत, तसंच हे. नोडएमसीयूवर तीन पायांची, एका बाजूला रुंद पत्रा असलेली काळी चिप शोधा. वर बहुधा १११७ असं लिहिलेलं असतं. हा एएमएस-१११७ रेग्युलेटर, यूएसबीच्या ५ व्होल्टचे ३.३ करणारा. पुढे काहीही लोड नसलं तरी तो स्वतःच्या पोटापाण्यासाठी साधारण ५ मिलिअँप घेतो. म्हणजे २० मायक्रोअँपच्या अडीचशे पट. दिवसाला १२० एमएएच. २५०० चा सेल तीन आठवड्यांत आडवा, तेही चिपनं एकदाही डोळा न उघडता. बोर्डावर पॉवरचा एलईडी असेल तर मिलिअँपभर तो घेणार. यूएसबीची सीपी-२१०२ किंवा सीएच-३४० चिप असते, तिचा वाटा पुन्हा वेगळा.

या रेग्युलेटरचं दुसरं दुखणं फारसं कोणी सांगत नाही. आतला आणि बाहेरचा व्होल्टेज यांत त्याला साधारण एक व्होल्टचं अंतर लागतं. ३.३ बाहेर हवेत तर आत ४.३ पाहिजेत, आणि लिथियम-आयन सेल काठोकाठ भरलेला असतानाही ४.२ च्या वर जात नाही. सेल ३.७ वर आला की चिपपर्यंत पोचतात जेमतेम २.७. ईएसपी-८२६६ त्यावर कसाबसा तग धरेल. त्याचा थोरला भाऊ ईएसपी-३२, त्याला किमान ३.० लागतात, तो वायफाय सुरू करायच्या क्षणी रीसेट होतो आणि होतच राहतो. सेलमध्ये निम्मा माल शिल्लक असताना नोड, म्हणजे सेन्सरचा अख्खा संच, बंद.

यावर हमखास येणारा उपाय म्हणजे ‘रेग्युलेटर टाळून सेल थेट ३.३ च्या पायाला लावा’. कृपा करून लावू नका. या चिपांची मर्यादा ३.६ व्होल्ट आहे आणि भरलेला सेल ४.२ देतो.

मग करायचं काय? इथेच स्वतःचा छोटा पीसीबी लागतो, आणि ‘गरज नाही’ हे वाक्य इथेच पडतं. ईएसपी-८२६६ बसवलेलं नुसतं ईएसपी-१२ मॉड्यूल घ्या. त्याला लागणारे चार-पाच रेझिस्टर, जागं होण्यासाठी जीपीआयओ-१६ या पायापासून रीसेटच्या पायापर्यंतचा ट्रॅक, आणि कमी खाणारा रेग्युलेटर, एवढं बोर्डावर असलं की पुरे. यूएसबीची चिप बोर्डावर नकोच. कोड भरताना बाहेरचा अडॅप्टर पिनांना जोडायचा आणि काम झालं की काढून ठेवायचा. एमसीपी-१७०० हा रेग्युलेटर स्वतःसाठी फक्त १.६ मायक्रोअँप घेतो आणि त्याला व्होल्टेजचं अंतरही थोडंच लागतं. त्याची मर्यादा २५० मिलिअँप आहे. ईएसपी-८२६६ सिग्नल पाठवताना १७० पर्यंत जातो, तो बसतो. ईएसपी-३२ मात्र २४० पर्यंत उसळतो, त्याला हा रेग्युलेटर तोकडा पडतो. त्याचा पुरवठा ५०० मिलिअँपचा असावा असं चिप बनवणारेच सांगतात.

माझ्या मते याहून सोपा मार्ग लिथियम-आयर्न-फॉस्फेट सेलचा. त्याचा व्होल्टेज बहुतेक काळ ३.२-३.३ च्या आसपास राहतो, म्हणून मध्ये रेग्युलेटरच लागत नाही. चार्ज होताना तो ३.६५ पर्यंत चढतो, तेव्हा चार्जिंग नोडपासून वेगळं करून करायचं. नेहमीच्या लिथियम-आयनसाठी बनवलेला टीपी-४०५६ चा बोर्ड या सेलला चालत नाही, तो ४.२ पर्यंत रेटतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत असो की मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, सेल घेताना कोणत्या जातीचा आहे हे विचारून घ्या. आकार दोन्हींचा सारखाच असू शकतो.

“क्षणभर जागा होतो, ते नगण्य.”

समजा बोर्ड आदर्श आहे आणि झोपेत खरंच २० मायक्रोअँप जातात. दहा मिनिटं म्हणजे ६०० सेकंद. ६०० गुणिले ०.०२, म्हणजे १२ मिलिअँप-सेकंद. आता जागेपणाचं बघू. राउटर शोधणं, पासवर्डची देवाणघेवाण, आयपी पत्ता मिळवणं, सर्व्हरला आकडा पाठवणं, यात सहज चार सेकंद जातात. सरासरी ८० मिलिअँप धरले तर ३२० मिलिअँप-सेकंद. ज्याला नगण्य म्हटलं ते झोपेच्या सव्वीस-सत्तावीस पट निघालं. दोन्ही मिळून दिवसाला साधारण १३ एमएएच. सेलमधले २००० एमएएच प्रत्यक्ष हाताला लागतील असं धरलं तर पाच महिने. १४ वर्षांचे पाच महिने झाले, आणि अजून सेन्सर लावलेलाच नाही.

म्हणजे झोपेचा करंट २० वरून ५ वर आणण्यात रात्री घालवण्यापेक्षा जागेपणाचे चार सेकंद कापण्यात जास्त फायदा आहे. आयपी पत्ता ठरवून द्या. राउटरचा चॅनेल आणि बीएसएसआयडी (त्याचा रेडिओवरचा पत्ता) कोडमध्ये किंवा झोपेतही टिकणाऱ्या आरटीसी मेमरीत ठेवा, म्हणजे शोधाशोध वाचते आणि काम सेकंदाच्या आत येऊ शकतं. वायफायचा सगळा सोपस्कार टाळून ईएसपी-नाऊ या राउटरविना चालणाऱ्या पद्धतीनं थेट दुसऱ्या ईएसपीला आकडा फेकला तर आणखी कमी.

आणि खरोखर वर्षानुवर्षं हवी असतील तर वायफाय सोडा. नेदरलँड्समधल्या जीलॅब्जच्या जीनोड या छोट्या बोर्डानं ही वाट फार पूर्वीच दाखवली: एटीमेगा-३२८ हा मायक्रोकंट्रोलर आणि एक साधं रेडिओ मॉड्यूल, बस. आज तेच आरएफएम-६९ हे रेडिओ मॉड्यूल वापरून करता येतं. वीस बाइटचा निरोप ५५ केबीपीएसच्या आसपासच्या वेगानं पाच मिलिसेकंदांत जातो. ४५ मिलिअँप गुणिले पाच मिलिसेकंद, म्हणजे ०.२२५ मिलिअँप-सेकंद. वायफायचे ३२० होते. एटीमेगा वॉचडॉग, म्हणजे वेळ झाली की जागं करणारा टायमर, चालू ठेवून झोपला तर ४-५ मायक्रोअँप घेतो. अशा नोडचा सरासरी करंट दहा मायक्रोअँपच्या आत राहतो, आणि मग दोन एए सेलांचं आयुष्य नोड ठरवत नाही, सेलांचं स्वतःचं वय ठरवतं. व्हिडिओतली स्वप्नं इथे खरी होतात, पण त्यासाठी घरात आकडे ऐकून घेणारा, भिंतीतल्या विजेवर चालणारा दुसरा नोड लागतो. ही अट आहे, आणि ती सांगायला हवी.

लोरा हा लांब पल्ल्याचा रेडिओ वापरला की वीज आपोआप वाचते, हाही असाच एक समज. त्यात वेग आणि पल्ला एसएफच्या आकड्यानं ठरतो: एसएफ-७ वर छोटा निरोप काही दहा मिलिसेकंदांत जातो, एसएफ-१२ वर त्यालाच सेकंदाहून जास्त लागतं. अंतर वाढतं, तशी सेलची किंमतही वाढते.

“कॉइन सेल आणि एक मोठा कपॅसिटर.”

सीआर-२०३२ वर २२० एमएएच असतात खरे, पण ते ०.२ मिलिअँपच्या आसपास संथपणे ओढले तर. ताज्या सेलचा अंतर्गत रोधही दहा ओहमच्या वर असतो आणि सेल उतरत जातो तसा तो वाढतो. १५ ओहम धरा. ईएसपी-३२ नं २४० मिलिअँप मागितले की आतल्या आत ३.६ व्होल्ट पडायला हवेत. सेल मुळात ३ व्होल्टचा आहे!

कपॅसिटर हे भरून काढेल का? वायफायच्या एका खेपेला ०.३२ कूलॉम लागतात. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ०.४ व्होल्ट उतरेपर्यंत देतो ०.०००४ कूलॉम. आठशे पट कमी. वर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वतः गळतो. डेटाशीटमध्ये गळतीची मर्यादा बहुधा ०.०१ गुणिले कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेज अशी दिलेली असते, १००० मायक्रोफॅरड आणि १० व्होल्टला ती १०० मायक्रोअँप येते. प्रत्यक्षात गळती बरीच कमी असू शकते, पण हमी एवढीच मिळते. ब्लूटूथचे छोटे टॅग कॉइन सेलवर वर्ष काढतात ते वेगळ्या कारणानं: एनआरएफ-५२८३२ सारखी चिप पाठवताना पाच-सहा मिलिअँपच घेते, आणि तेही मिलिसेकंदभर.

“सेन्सर कोणताही चालतो.”

डीएचटी-२२ नुसता बसलेला असतानाही ४०-५० मायक्रोअँप घेतो, चिपच्या दुप्पट. एसएचटी-३१ किंवा बीएमई-२८० तेच काम झोपेत एक मायक्रोअँपच्या आत राहून करतात. एमक्यू-१३५ सारख्या वायू-सेन्सरमध्ये तापणारी तार असते, ती पाऊण वॉटच्या आसपास खाते. त्यावर १८६५० सेल एक दिवसही निघणार नाही.

सेन्सरपेक्षा जास्त चोरी होते ती सेलचा व्होल्टेज मोजायला लावलेल्या दोन रेझिस्टरांतून. १०-१० किलोओहमची जोडी ४.२ व्होल्टवर लावली की रात्रंदिवस २१० मायक्रोअँप जातात, आणि कोडमधून ते बंद करता येत नाहीत. ईएसपी-८२६६ ची एडीसी, म्हणजे व्होल्टेज मोजणारा भाग, १ व्होल्टपर्यंतच मोजते, म्हणून वर १ मेगोहम आणि खाली २७० किलोओहम लावा. ४.२ चे ०.८९ होतात आणि करंट राहतो ३.३ मायक्रोअँप. एवढ्या मोठ्या रेझिस्टरांमुळे एडीसीचं वाचन डगमगतं, ते थांबवायला एडीसीच्या पायापाशी ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर.

दुसरी चोरवाट पुल-अपची, म्हणजे सिग्नलच्या तारांना ३.३ व्होल्टकडे ओढून धरणाऱ्या रेझिस्टरांची. मॉसफेट (कोडमधून चालणारा छोटा स्विच) लावून सेन्सरची वीज तोडली, पण आय-टू-सी या सेन्सर-चिप जोडणीचे ४.७ किलोओहमचे पुल-अप कायम चालू असलेल्या ३.३ ला जोडलेले राहिले, तर सेन्सर सिग्नलच्या तारांतून वीज ओढतो. प्रत्येक तारेतून ०.७ मिलिअँपपर्यंत. पुल-अपही मॉसफेटच्या पलीकडे, सेन्सरच्या बाजूला घ्या.

आणि कोकणातल्या पावसाळ्यात बोर्डावर राहिलेला फ्लक्स (सोल्डरिंगचा चिकट राळेसारखा पदार्थ) सुद्धा करंट खातो. जवळजवळच्या दोन ट्रॅकमध्ये ओलसर फ्लक्सनं एक मेगोहमची वाट तयार केली तर ३.३ मायक्रोअँप गेले. सोल्डर झाल्यावर आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) घासून धुवा, वाळवा, मग कोटिंग मारा.

“डबी जितकी लहान तितकी बरी.”

अँटेनाला विचारा. मॉड्यूलवरची नागमोडी रेघ म्हणजे अँटेना. तिच्या खाली तांबं नको, आजूबाजूला साधारण १५ मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि शक्यतो तो भाग बोर्डाच्या कडेबाहेर यावा. डबी लहान करायच्या नादात सेल नेमका तिच्या पाठीवर चिकटवला जातो. सिग्नल कमजोर होतो, निरोप पुन्हापुन्हा पाठवावा लागतो, आणि वर कापलेले सेकंद परत येतात. इथे अँटेनाचा प्रश्न विजेचाच होतो. उप-गिगाहर्ट्झ, म्हणजे १००० मेगाहर्ट्झच्या खालचा, रेडिओ घेताना भारतात ८६५-८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा विनापरवाना वापरता येतो. ९१५ चं मॉड्यूल स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका, तो अमेरिकेचा पट्टा आहे, आपल्याकडे त्या भागात मोबाइल कंपन्या आहेत. ८६६ साठी पाव तरंगलांबीची तार साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास येते, डबीत तेवढी सरळ जागा ठेवा.

“मल्टिमीटर लावून बघा.”

मायक्रोअँपच्या रेंजवर मीटर स्वतःच रस्त्यात रोध घालतो. अनेक मीटरांत दर मायक्रोअँपला सुमारे १०० मायक्रोव्होल्ट पडतात. झोपेतले २० मायक्रोअँप ठीक मोजले जातात, पण चिप जागी होऊन २० मिलिअँप जरी मागू लागली तरी मीटरवरच २ व्होल्ट पडतात आणि ती बूटच होत नाही. मिलिअँपच्या रेंजवर गेलात तर झोपेचा आकडा शून्यापाशी दिसतो. तो स्क्रीनशॉट मग ग्रुपवर फिरतो.

मीटरशिवाय नाही, पण व्होल्टेजच्या रेंजवर हे जमतं. सेल जिथे जोडला आहे तिथेच, म्हणजे रेग्युलेटरच्या आतल्या बाजूला, १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सेलला समांतर लावा. नोड झोपला की सेल काढा आणि कपॅसिटरवरचा व्होल्टेज किती वेगानं उतरतो ते बघा. २० मायक्रोअँप जात असतील तर सेकंदाला २० मिलिव्होल्ट, म्हणजे दहा सेकंदांत ०.२ व्होल्ट. ५ मिलिअँप जात असतील तर तोच कपॅसिटर सेकंदाच्या आत झोपतो. आधी बोर्ड न जोडता कपॅसिटरची स्वतःची गळती मोजून वजा करा. मीटरचा १० मेगोहमचा रोधही पाव-अर्धा मायक्रोअँप घेतो, तेवढं सोडून द्या. कपॅसिटरच्या किमतीत २० टक्के इकडेतिकडे असतं, त्यामुळे २० आणि २४ मधला फरक या रीतीनं कळणार नाही. २० आणि ५००० मधला कळतो.