"विकिपीडियाच्या तळाची यादी उचला" : असाइनमेंटचा हा सल्ला पाळू नका

असाइनमेंटची तारीख जवळ आली की ग्रुपवर एक मेसेज फिरतो : विषय गूगल करा, विकिपीडियाच्या तळाचे संदर्भ आपल्या सूचीत चिकटवा, कमी पडले तर चॅटजीपीटीकडून मागवा, चांगलं साहित्य फुकट मिळतच नाही, आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलं की संदर्भ लागत नाही. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याचं यात थेट नुकसान आहे.

"तळाची यादी चिकटवा." संस्कृतीकरण, म्हणजे खालच्या मानलेल्या गटाने वरच्या जातीच्या चालीरीती उचलणं, हाच विषय घ्या. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या कूर्ग समाजावरच्या १९५२च्या पुस्तकात ही संकल्पना मांडली तेव्हा भर होता ब्राह्मणांच्या चालीरीती उचलण्यावर. १९६६च्या 'सोशल चेंज इन मॉडर्न इंडिया'मध्ये व्याख्या रुंदावली : अनुकरण उच्च, बहुधा 'द्विज' जातीचं, आणि करणारा गट कनिष्ठ जातीचाच नव्हे, आदिवासीही असू शकतो. यादी उचलणारा १९६६ची व्याख्या लिहितो आणि कंसात १९५२ टाकतो. ही टायपिंगची चूक नाही. संकल्पना कशी बदलली हेच कळलेलं नाही, हे तपासणाऱ्याला एका ओळीत दिसतं. विकिपीडियावरून पुस्तकाचं नाव जरूर घ्या, पण सूचीत तेच घाला जे उघडून वाचलंत. १९५२चं पुस्तक मिळालं नाही आणि त्यातला उतारा दुसऱ्या पुस्तकात वाचलात, तर मजकुरात दोन्ही नावं द्या ("श्रीनिवास, १९५२, अमुक यांच्या पुस्तकात उद्धृत"), सूचीत मात्र हातात होतं तेच पुस्तक.

"चॅटजीपीटी संदर्भ देतो." देतो, पण लेखक खरा, नियतकालिक खरं आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेलेला नाही, असंही होतं. पूर्ण शीर्षक अवतरणचिन्हांत घालून गूगल स्कॉलरवर (गूगलचं अभ्यासलेखांचं शोधयंत्र) शोधा. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख क्रमांक) दिला असेल तर डीओआय डॉट ऑर्गवर टाका; भलताच लेख उघडला किंवा काहीच उघडलं नाही, तर त्या अंकाची अनुक्रमणिका पाहा. तिथेही नसेल तर तो संदर्भ काढून टाका. गूगल स्कॉलरचं तयार 'साइट' बटणही डोळे झाकून वापरू नका. जुन्या पुस्तकाला ते बरेचदा पुनर्मुद्रणाचं वर्ष लावतं.

"फुकट काही मिळत नाही." बहुतेकदा अडतं ते शोधशब्दावर. मराठी शब्द टाकून थांबू नका. मराठी विश्वकोशातून संकल्पना समजून घ्या, इंग्रजी संज्ञा मिळवा, मग शोधा; 'सॅन्स्क्रिटायझेशन' तर 'झेड' घालून आणि 'एस' घालून, दोन्ही प्रकारे. जेस्टोर या अभ्यासलेखांच्या ऑनलाइन संग्रहावर मोफत खातं उघडलं की महिन्याला १०० लेखांपर्यंत ऑनलाइन वाचता येतात. कॉलेज एन-लिस्टचं (कॉलेजांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं पुरवणारी योजना) सभासद असेल तर लॉगिन ग्रंथपालांकडून मिळतं. विचारायला लाजू नका. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या पीएच.डी. प्रबंधांच्या संकेतस्थळावर प्रबंध प्रकरणवार पीडीएफमध्ये असतात. आधी पूर्वसाहित्याच्या आढाव्याचं प्रकरण उघडा, कुठला लेख खरंच वाचायला हवा ते तिथे कळतं. आणि डॉ. आंबेडकरांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेला जातिसंस्थेवरचा निबंध महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात आहे. जातीवर असाइनमेंट लिहिताना कुठल्यातरी ब्लॉगवरून त्याचा सारांश उचलायची गरजच काय?

"स्वतःच्या शब्दांत लिहिलं की झालं." शब्द तुमचे, कल्पना श्रीनिवासांची, संदर्भ हवाच. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी स्थापन झालं, याला संदर्भ नको. एखाद्या तालुक्याचं साक्षरतेचं प्रमाण दिलंत, तर जनगणनेचं वर्ष आणि तक्त्याचं नाव हवं. शब्दशः वाक्य घेतलंत तर अवतरणचिन्हं आणि पृष्ठ क्रमांकही, तोही तुमच्या हातातल्या आवृत्तीचा, कारण आवृत्ती बदलली की पानं सरकतात. म्हणून टिपण काढतानाच वहीच्या समासात पान लिहा. पुस्तक लायब्ररीत परत गेल्यावर ते आठवत नाही.