ताप उतरला म्हणजे मलेरिया गेला?

पावसाळा लागला की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा मथितार्थ असा: मलेरियाचा ताप उतरला की रक्त साफ झालं, नर-मादी जंतू डासाच्या पोटात तयार होतात, माणसाशी त्यांचा संबंध नाही, रक्तात चुकून राहिले तरी निपचित पडून असतात, म्हणून उपचारातली शेवटची गोळी, प्रायमाक्विन, घेऊ नका. हे वाचून गोळी टाळली, तर त्याचे भोग शेजारच्या घराला भोगावे लागू शकतात, म्हणून हे उत्तर.

'ताप उतरला, रक्त साफ.' ताप येतो तो तांबड्या पेशी फोडून बाहेर पडणाऱ्या परजीवींमुळे, म्हणजे मलेरियाच्या जंतूंमुळे. त्यांच्या फाल्सिपेरम जातीत अशी एक फेरी साधारण 48 तासांची. आर्टेमिसिनिन गटातली औषधं त्यांना झपाट्यानं मारतात आणि ताप उतरतो. पण काही परजीवी पेशी फोडत बसण्याऐवजी नर किंवा मादी व्हायला निघालेले असतात. त्यांना गॅमेटोसाइट म्हणतात. फाल्सिपेरममध्ये ते 10 ते 12 दिवसांत पक्व होतात आणि तोवरचा बराचसा काळ अस्थिमज्जेत वगैरे दडून काढतात. पक्व होऊन रक्तात आले की ते पेशी फोडत नाहीत, ताप आणत नाहीत आणि आर्टेमिसिनिनला फारशी दादही देत नाहीत. त्यामुळे ठणठणीत झालेल्या माणसाकडूनही डासाला लागण होऊ शकते.

'नर-मादी डासात तयार होतात.' साफ चूक. डासात होतं ते मीलन. नर की मादी हे माणसाच्या रक्तातच ठरतं, आणि कसं ठरतं ते फार विलक्षण आहे. एपी2-जी नावाचं एक जनुक एरवी बंद असतं, कारण एचपी1 हे प्रथिन त्याला घट्ट धरून बसलेलं असतं. जीडीव्ही1 या दुसऱ्या प्रथिनानं एचपी1ला हटवलं की एपी2-जी जागं होतं आणि लैंगिक वाढीची जनुकं चालू करतं. त्याचं हे काम 2014 साली उघड झालं. रक्तातलं लायसोफॉस्फेटिडिलकोलीन हे स्निग्ध द्रव्य कमी पडलं की जास्त परजीवी या वाटेला लागतात, हे 2017 साली दिसलं. या परजीवीत एक्स-वाय अशी लिंगगुणसूत्रं नाहीत. तोच जनुकसंच असलेल्या परजीवींपासून नरही होतात आणि मादीही. कोणतं जनुक कधी चालू होतं, एवढ्यावरच सगळं ठरतं.

'निपचित असतात.' यांना निपचित म्हणणं म्हणजे त्यांची तयारीच न पाहणं. पक्व मादीत पी25 आणि पी28 या प्रथिनांचे आरएनए, म्हणजे ती प्रथिनं बनवायचे निरोप, आधीच तयार असतात, पण डोझी नावाचं प्रथिन त्यांना रोखून धरतं. डासानं रक्त ओढलं की तापमान उतरतं, डासाच्या शरीरातलं झँथुरेनिक आम्ल लागतं आणि दोघंही कामाला लागतात. मादीतले रोखलेले आरएनए वापरात येऊ लागतात. नर तर पंधरा-वीस मिनिटांच्या आत तीन वेळा डीएनए दुप्पट करून आठ वळवळते धागे, म्हणजे नर बीजपेशी, बाहेर फेकतो. 1880 साली अल्जेरियातल्या कॉन्स्टंटाइनमध्ये अल्फाँस लॅव्हरान या फ्रेंच लष्करी डॉक्टरांना रुग्णाच्या रक्ताच्या थेंबात हेच धागे वळवळताना दिसले आणि मलेरियाचा परजीवी सापडला. अंगाबाहेर थंड होणारा थेंबही त्या नराला पुरला होता!

'प्रायमाक्विन उगाच.' इथे संदेश दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतो. भारतात विवॅक्स या दुसऱ्या जातीच्या मलेरियाला प्रायमाक्विन 14 दिवस देतात, ते यकृतात दडलेल्या परजीवींसाठी. ते राहिले तर त्याच रुग्णाला पुन्हा ताप येतो. फाल्सिपेरमला एकच मात्रा असते, ती या पक्व गॅमेटोसाइटांसाठी. रुग्णाला तिचा स्वतःपुरता काहीच फायदा जाणवत नाही, म्हणूनच ती टाळायला सांगणं सोपं जातं. गडचिरोलीत फाल्सिपेरम मोठ्या प्रमाणावर आहे. तिथल्या पाड्यावर एकानं ती मात्रा घेतली नाही, तर डास त्याच्याकडून परजीवी उचलून पुढच्या घरी नेऊ शकतो.

सावधगिरी खरोखर लागते ती वेगळ्या कारणासाठी. जी6पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी प्रायमाक्विननं फुटू शकतात. गरोदर बायांना आणि तान्ह्या बाळांना हे औषध देत नाहीत. यातलं काही लागू असेल तर गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना किंवा आशाताईंना सांगावं. गोळी सुरू केल्यावर लघवी गडद, काळपट झाली तर ती थांबवून लगेच दवाखाना गाठावा.