उन्हात कोण चालणार?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा पुन्हा पुण्याचा लक्ष्मी रोड निघाला. डिसेंबरात एक दिवस पादचारी दिन म्हणून तिथला एक टप्पा वाहनांना बंद ठेवतात, तो कायमचाच बंद करावा, असं भाचीने लिहिलं. चुलतभाऊ, आमचा दादा, उसळला, "युरोपची थेरं युरोपात. तिथे गारवा असतो. आपल्या उन्हात कोण चालणार?"

मी दक्षिण स्पेनमधल्या सेवियात राहते. दादा हे लिहीत होता त्या दुपारी इथे 42 अंश होते आणि पुण्यात पाऊस पडत होता. युरोप म्हणजे स्वित्झर्लंड, ही समजूत हिंदी सिनेमाने करून दिली ती काही जात नाही.

संध्याकाळी हट्टाने सिएर्पेसवर, इथल्या गाड्या नसलेल्या बाजाररस्त्यावर, गेले. या गच्चीपासून त्या गच्चीपर्यंत कापड ताणलेलं. पालिका उन्हाळ्याच्या तोंडावर लावते, ऊन उतरलं की काढते. कॉर्पस क्रिस्ती या कॅथलिक सणाच्या मिरवणुकीच्या वाटेवर अशी छतं घालायची इथली जुनी रीत. तीच पुढे सबंध उन्हाळ्याची झाली. आता मिरवणुकीसाठी रस्त्यावर मांडव कसा घालावा, हे पुणेकरांना कुणी शिकवायचं? दरवर्षी भर चौकात वासे-बांबू उभे करणारं गाव "सावली कुठून आणणार?" असं विचारतं, तेव्हा आधी हसू येतं, मग डोकंच फिरतं.

गाड्या नसल्या की धंदा बसतो म्हणे. रेबाहासच्या, म्हणजे सेलच्या, दिवसांत शेजारच्या तेतुआन रस्त्यावर खांद्याला खांदा लागतो. कोन्स्तितुसिओन या हमरस्त्यावरच्या गाड्या 2007 साली काढल्या, ट्राम आणली, तेव्हा इथेही भांडणं झालीच. आज तिथे परत गाड्या सोडा म्हणणारा मला तरी भेटलेला नाही. आणि दुपारी दोन ते पाच दुकानं बंद! पंख्यांचं, टोप्यांचं, शिवणसामानाचं, सगळी शटर खाली. इथे आलेले आपलेच लोक त्याचे कौतुकाने फोटो काढतात. पुण्यातला दुकानदार एक ते चार जेवला-झोपला की मात्र पिढ्यान्‌पिढ्या विनोद.

एन्कार्नासिओन चौकाची गोष्ट मात्र मी ग्रुपवर टाकत नाही. तिथली जुनी मंडई 1973 साली पाडली आणि गाळेवाल्यांना तात्पुरतं म्हणून बाजूला बसवलं. नव्या मंडईत ते गेले ते थेट 2010 च्या डिसेंबरात. आता डोक्यावर अजस्र लाकडी छत्र्या, त्यांवर तिकीट काढून फिरणारे पर्यटक, खाली मासळी आणि टोमॅटो. आपली फुले मंडई 1886 पासून जागची हललेली नाही, हे दादाला आठवलं तर माझी पंचाईत होईल.

सान्ता क्रूस या जुन्या वस्तीत पर्यटकांना भाड्याने दिलेल्या घरांच्या दारांवरच्या किल्ल्यांच्या पेट्याही मी फोटोत येऊ देत नाही. रात्री बॅगांची चाकं दगडांवर खडखडतात, आणि शेजारी म्हणून ज्यांना ओरडावं ते केव्हाच बाहेर राहायला गेलेत. आम्हीही शहराच्या पूर्व टोकाला, सेविया एस्तेला राहतो. आठवड्याचं सामान मेर्कादोना सुपरमार्केटातून, गाडीने. जुन्या गावात मी फिरायला जाते, तीन टोमॅटो आणि पावशेर ऑलिव्ह घेते आणि स्वतःला इथली समजते.

कोळीण माझ्याशी इंग्रजीत बोलते. मी स्पॅनिशमध्ये बोंबील नसलेल्या देशात काय घ्यावं ते विचारते. ती कौतुक करते, पुढच्या वेळी पुन्हा इंग्रजी. याचं वाईट वाटत नाही. वाईट वाटलं ते मागच्या सुट्टीत तुळशीबागेत, दुकानदार माझ्याशी हिंदीत सुरू झाला तेव्हा. मी चिडून इतकं अस्सल मराठी बोलले की बाईंना झालंय तरी काय म्हणून तो बघत राहिला. सेवियाचे दाखले देते ते पुणं सुधारावं म्हणून, की मी गेले ते बरंच केलं हे पटवायला, हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही.

इथल्या पालिकेला माझ्या पासपोर्टवर मत देता येत नाही. पुण्यात मतदानाच्या दिवशी मी नसते. म्हणजे दोन्ही रस्त्यांबद्दल माझं मत ठणठणीत, आणि मोजणारं कुणी नाही.

तरी सावलीचा मुद्दा मी सोडत नाही. मार्च ते मे, फक्त तीन महिने, नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपतीपर्यंत कापड ताणा आणि गाड्या बाहेर ठेवा. गल्ल्यावर बसून मोजू दे दादाला. गिऱ्हाईक घटलं तर पुढच्या सुट्टीत बेडेकरांकडची मिसळ माझ्याकडून.