कुंडीतली नीलकुरिंजी कुणीही विकत घेऊ नका

सकाळी बागकामाच्या एका ग्रुपवर जाहिरात पाहिली आणि तेव्हापासून डोकं तापलेलं आहे. "दुर्मिळ नीलकुरिंजी! १२ वर्षांतून एकदाच फुलणारं रोप. ३५० रुपये, कुरिअरने घरपोच. कुंडीत लावा, उन्हात ठेवा." वर निळ्याजांभळ्या डोंगरउताराचा फोटो, मुन्नारचा, कुठून तरी उचललेला. खाली काळ्या पिशव्यांतली रोपं. आणि त्याखाली मागण्यांची रांग. "मला दोन हवीत." "पुण्यात मिळेल का?" एका ताईंनी लिहिलंय, "नातीच्या जन्माची आठवण म्हणून लावते. ती बारा वर्षांची होईल तेव्हा फुलेल."

आधी त्या पिशव्यांतल्या रोपांकडे नीट पाहा. पानं लांब आणि अरुंद, कडा सरळ, खोडाला जांभळट झाक, पेरं फुगीर. हे रुएलिया आहे. रस्त्याच्या दुभाजकात लावतात ते. कुठल्याही नर्सरीत स्वस्तात मिळतं, वर्षभर फुलतं, बारा वर्षं थांबत नाही. नीलकुरिंजीचं पान लंबगोल, टोकाला निमुळतं, कडेला बारीक दाते आणि शिरा ठळक. पानं समोरासमोर दोघींचीही. दोघी एकाच कुळातल्या, फुलांचा रंगही जवळचा, म्हणून लोक फसतात.

बरं, रोप खरंच नीलकुरिंजीचं असेल तर? तर ते आणखी वाईट. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि नीलकुरिंजी संरक्षित वनस्पतींच्या तिसऱ्या अनुसूचीत आली. रानातून उपटायची नाही, परवान्याशिवाय लावायची नाही, विकायची नाही. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. २०२४ मध्ये ती धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीतही "असुरक्षित" म्हणून नोंदली गेली. म्हणजे विकणारा एक तर फसवतोय, नाही तर गुन्हा करतोय. तिसरी शक्यता मला दिसत नाही.

आणि तरीही खाली कमेंट, "जाऊ दे हो, झाडच लावताहेत ना लोक!"

नाही, जाऊ दे नाही. हे झुडूप कुठे राहतं ते बघा. पश्चिम घाटाचा दक्षिणेकडचा उंच भाग, मुन्नार, पलनीच्या टेकड्या, निलगिरी. साधारण १३०० ते २४०० मीटर उंची. तिथे दऱ्याखोऱ्यांच्या घळीत बुटक्या झाडांचं शोला जंगल असतं, कायम ढगात, खोडांवर शेवाळ आणि ऑर्किड. आणि घळीच्या बाहेर, वाऱ्याच्या तोंडावर, उघडं गवत. हिवाळ्यात रात्री दहिवर गोठतं, त्यात झाडांची कोवळी रोपं मरतात, गवत टिकतं. या गवतात नीलकुरिंजी. साधारण गुडघ्याएवढी, जागा चांगली असेल तर माणसाच्या उंचीचीही होते. माती आम्ल, पातळ, उतारावरची. धो धो पाऊस पडला तरी पाणी मुळांशी तुंबत नाही आणि पाऊस नसला तरी धुकं ओलावा देतं. आता हे रोप पुण्याच्या गच्चीवर, एप्रिलच्या चाळीस अंशांत, सिमेंटच्या कुंडीत ठेवा. दुपारी कुंडीची बाजू तापते, मुळं आधी तिकडच्या बाजूने करपतात. पानं मलूल दिसतात म्हणून माणूस पाणी वाढवतो. मग उरलेली मुळं कुजतात. खतवाल्याकडून आणलेल्या मिश्रणात चुना असेल तर पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर लोक आणखी खत घालतात. ती बारा वर्षं जगायला हवी, पहिला उन्हाळा निघणंच कठीण.

समजा जगली. समजा फुलली. एक झुडूप फुललं म्हणजे काय झालं? नीलकुरिंजी आयुष्यात एकदा फुलते, बी धरते आणि मरते. ती फुलते ती डोंगरभर, एकाच हंगामात, ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्या वर्षी सातेरी मधमाश्या उतारांवर तुटून पडतात, परागीभवनाचं मुख्य काम त्यांचंच. एका बोंडात मोजक्याच बिया. पक्षी आणि किडे बी खातात, पण सगळा डोंगर एकदम बी देतो तेव्हा त्यांना ते संपवता येत नाही, उरलेलं जमिनीत जातं. बारा वर्षांच्या या फुलण्यामागे हेच कारण असावं असं मानतात. बोंड सुकून तडकतं, बी आईपासून काही फुटांवर पडतं, पुढच्या पावसात रुजतं. वाऱ्याने मैलभर उडून जाणारं बी हे नव्हे. म्हणून एका उतारावरून ती गेली की बाजूच्या उतारावरून आपोआप परत येत नाही. एकट्या कुंडीतल्या झुडपाला ना शेजारी, ना माश्या, ना जमीन. नातीच्या बाराव्या वाढदिवसाला फुलेल, आणि त्याच वर्षी मरेल. हे त्या ताईंना विकणाऱ्याने सांगितलंय का?

कुणी म्हणेल, बागेत लावूनच काही दुर्मिळ झाडं वाचली. खरं आहे. पण ती कामं वनस्पतिशास्त्रज्ञ करतात, त्याच उंचीवर, त्याच हवेत, बी कुठल्या उतारावरचं याची नोंद ठेवून. ३५० रुपयांच्या कुरिअरने होत नाहीत.

आपल्याकडची कारवी याच गोतातली, म्हणून मराठी माणसाला हे सगळं कळायला खरं तर सोपं जायला हवं. सह्याद्रीतली कारवी आठ वर्षांनी फुलते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली. तिच्या काठ्यांचे कुड, म्हणजे भिंती, शेणामातीने लिंपलेले, कोकणात आणि घाटावर घराघरांत होते. कारवी कापणाऱ्यांना तिचा हिशेब पाठ असायचा. तमिळनाडूतले पळियर आदिवासी तर नीलकुरिंजीच्या फुलण्यावरून आपलं वय मोजत. आणि आज मुंबईत एखादा कारवीचा फोटो टाकतो, खाली "वॉव, नीलकुरिंजी" लिहितो, आणि विकणाऱ्याला गिऱ्हाईक तयार मिळतं.

पण खरं सांगू का, ही जाहिरात म्हणजे वरवरचा राग आहे. माझा मुख्य राग मधल्या अकरा वर्षांचा आहे.

मुन्नारमध्ये १९९४ ला फुललं, २००६ ला फुललं, २०१८ ला फुललं. आता २०३०. त्या त्या वर्षी सगळे जागे होतात. २००६ साली केरळने वट्टवडा आणि कोट्टकंबूर भागात सुमारे ३२ चौरस किलोमीटरचं कुरिंजीमला अभयारण्य जाहीर केलं, त्याच वर्षी टपाल खात्याने तिकीट काढलं. फुलं सुकली आणि अभयारण्याच्या सीमांचा घोळ वर्षानुवर्षं चालू राहिला. त्या डोंगरांवर इंग्रजांनी चहा लावला, नंतर निलगिरीची झाडं (युकॅलिप्टस) आणि ऑस्ट्रेलियन वॅटल (बाभळीच्या जातीचं झाड) लावली, कागदाचा लगदा आणि कातडी कमावायची साल मिळावी म्हणून. स्वातंत्र्यानंतरही ते थांबलं नाही, कारण कागदोपत्री गवत म्हणजे "पडीक". पलनीच्या टेकड्यांवरचं निम्म्याहून जास्त गवताळ रान चार दशकांत गेलं. वणव्याने गेलं नाही, कुऱ्हाडीनेही नाही. झाडं लावून गेलं.

वॅटल एकदा घुसली की काय होतं ते सांगते. तिचं बी कठीण कवचाचं, मातीत कित्येक दशकं जिवंत राहतं. मोठी झाडं एकदम तोडली की जमिनीवर उजेड येतो आणि ते सगळं बी एकाच पावसात उगवतं, आधीपेक्षा दाट. आग लागली तर उष्णतेने कवच फुटून आणखी जोमाने. म्हणून गवताच्या कडेला नुकती शिरलेली रोपं आधी काढायची, पावसात, माती ओली असताना, मुळासकट उपटून. कडेपासून आत सरकायचं. तीच जागा दर वर्षी पुन्हा तपासायची, एक वर्ष चुकलं की श्रम वाया. जिथे जुन्या वॅटलच्या सावलीत शोलाची रोपं आलेली आहेत तिथे कुऱ्हाड घालायचीच नाही, शोलाला ती सावली लागते. आणि मोकळ्या झालेल्या जागेत पावसाच्या सुरुवातीला जवळच्याच उतारावरच्या गवताचे ठोंब लावायचे, नाहीतर माती धुपून जाते. आनमुडी शोला राष्ट्रीय उद्यानातल्या पळत्तोट्टम भागात स्थानिक लोकांनी अशा पद्धतीने गवत परत आणलं आहे. हे काम फोटोत छान दिसत नाही. याला लाइक मिळत नाहीत.

वट्टवड्याच्या शेतकऱ्याने आपल्या तुकड्यात निलगिरी लावली, चार पैसे मिळवले, त्याला नावं ठेवणं सोपं आहे, हे मला मान्य. पर्यटनावर मुन्नारची चूल पेटते हेही मान्य. पण तिथल्या गवताने धरलेलं पाणी पांबार नदीत जातं, तिथून अमरावतीत, तिथून कावेरीत. गवत गेलं तर खालच्या शेतकऱ्याच्या विहिरीला विचारा.

आणि आपण इथे काय करतो? दर जुलैत सड्यांवर, पठारांवर, माळरानांवर खड्डे. "ओसाड जागेत एक हजार झाडं!" जांभ्या खडकाच्या सड्यावर, जिथे तीन महिने सोनकी, गवतं, कीटकभक्षी दवबिंदू, तेरडा भरून असतो, तिथे पहारीने खडक फोडून गुलमोहर. हेतू चांगला असतो हो, दर वेळी चांगलाच असतो.

आता राग थोडा उतरलाय, म्हणून त्या ताईंबद्दल लिहिते. त्यांची चूक काहीच नाही. नात झाली, तिच्या नावाने काही लावावंसं वाटलं, यापेक्षा गोड काय असतं? ताई, कोरांटी लावा. नीलकुरिंजीच्याच कुळातली, आपल्याच मातीतली. निळीजांभळी हवी तर तीही मिळते. पावसाळ्यात बोटाएवढ्या जाडीची नको, पेन्सिलीएवढ्या जाडीची, वीतभर लांब फांदी घ्या. खालच्या दोन पेरांची पानं काढा. अर्धी वाळू, अर्धं कुजलेलं शेणखत, त्यात दोन पेरं आत जातील अशी खोचा. सावलीत ठेवा, माती ओलसर, चिखल नको. नवी पालवी आली म्हणून लगेच हलवू नका, मुळं धरायला महिनाभर द्या. मोठी झाल्यावर फुलांचा बहर संपला की एक तृतीयांश छाटायची, नाहीतर खालून उघडी पडते. दर हिवाळ्यात फुलेल. नातीला गजरा करता येईल. अबोलीही याच कुळातली, जागा असेल तर तीही लावा, फक्त तिला भर दुपारचं ऊन नको.

आणि नातीला नीलकुरिंजी दाखवायचीच असेल तर २०३० ला घेऊन जा. जायचं ते पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून. २०१८ च्या ऑगस्टमध्ये महापुराने मुन्नारचे रस्तेच बंद पडले होते, ज्यांनी स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीचं बुकिंग केलं त्यांना काहीच दिसलं नाही. एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात राजमलैपर्यंत वनखात्याच्या गाडीने जाता येतं, पुढे आखलेली वाट. ती वाट सोडायची नाही. फोटोसाठी झुडपांत शिरलेल्या माणसाच्या पायाखाली फांद्या मोडतात, पाठोपाठ दहा जण शिरतात, दोन दिवसांत तिथे पायवाट होते आणि उतारावरची पायवाट पुढच्या पावसात घळ होते. फुलं तोडायची नाहीत. तोडलेलं फूल तासाभरात लोळागोळा होतं, आणि त्या फांदीचं बी गेलं ते गेलंच, त्या झुडपाला दुसरी संधी नसते. जीपवाला "आतली जागा दाखवतो, तिकडे कुणी नसतं" म्हणाला तर नाही म्हणायचं. त्याच्यासाठी रोजगार आहे, पण ती आतली जागा वाचली आहे ती तिकडे कुणी जात नाही म्हणूनच.

मुन्नारच्या आसपास राहणाऱ्यांनी किंवा हिवाळ्यात तिकडे ट्रेकला जाणाऱ्यांनी एवढं आणखी करा. २०३१ च्या जानेवारी ते मार्चमध्ये मेलेल्या झुडपांच्या काटक्या उतारभर उभ्या असतील आणि दहिवराने गवत वाळलेलं असेल. त्याच वेळी बी जमिनीवर उतरत असतं. शेकोटी पेटवायची नाही, सिगारेट टाकायची नाही, आणि धूर दिसला तर फोटो काढत बसण्याआधी वनखात्याच्या जवळच्या चौकीला कळवायचं.