अंगठ्याच्या काळात म्हणे माणुसकी होती

‘आजी-आजोबा अंगठेबहाद्दर होते, पण माणसं होती. शिक्षण वाढलं आणि माणुसकी आटली.’ अशा सुरुवातीचा एक लांबलचक मेसेज सध्या नाशिक-निफाडकडच्या घराघरांतल्या ग्रुपवर फिरतोय. त्यातले दावे थोडक्यात असे: शिकलेलीच मुलं आईबापांना वृद्धाश्रमात टाकतात, हुंडा आणि लाच शिकलेलेच घेतात, पूर्वी अंगठ्यावर व्यवहार व्हायचे आणि शब्द पाळला जायचा, म्हणून मुलीला दहावीनंतर कॉलेजपेक्षा घरचे संस्कार द्या. माझ्या मावसबहिणीने तो ‘पटतंय ना रे?’ असं लिहून पुढे पाठवला. तिची मुलगी यंदा दहावीला आहे. नाही ताई, पटत नाही.

अंगठ्याचा दावा आधी घेतो, कारण सगळ्यात मोठी थाप तिथेच आहे. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. सुप्याच्या बाजारात सुरुवात झाली. त्यांनी जाळलं काय? कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. ज्या कागदाखाली सहीऐवजी आपली नांगराची निशाणी आहे त्यात काय लिहिलंय, हे त्यांना वाचता येत नव्हतं आणि रोख्यातला आकडा हातात पडलेल्या रकमेपेक्षा मोठा निघायचा. १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला आणि त्यांचे रोखे गावच्या निबंधकासमोरच व्हावेत, अशी तरतूद त्यात घालावी लागली. दिलेला शब्द पाळला जात होता, तर हे का करावं लागलं?

आणि हे दीडशे वर्षांपूर्वीचं म्हणून सोडूनही देता येत नाही. आज भाऊ बहिणीला ‘वडिलांच्या वारसाची नोंद करायची आहे, एक सही लागेल’ असं सांगून दुय्यम निबंधकाकडे नेतात. दस्ताच्या डोक्यावर शब्द असतो ‘हक्कसोडपत्र’. तो वाचता आला तरी अर्धं काम होतं. उरलेलं अर्धं मिळकतीच्या वर्णनात असतं: गट नंबर, हेक्टर-आरमध्ये क्षेत्र, चतुःसीमा. तोंडी सांगितलेला असतो एक गट आणि कागदात तीन लिहिलेले असतात. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, तो या एका पानावर जातो. नंतर फेरफाराची, म्हणजे सातबाऱ्यावरची नावं बदलण्याची, नोटीस घरी येते. हरकत घ्यायला १५ दिवस असतात. ज्या घरात ती कोणी वाचत नाही, तिथे ती देवघरातल्या कागदांखाली जाते, मुदत संपते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. मग वर्षानुवर्षं प्रांताच्या कचेरीत खेटे. अशा बाईला जाऊन सांगा, अंगठ्याच्या काळात माणुसकी होती म्हणून.

वृद्धाश्रमाचंही तेच. आईबापांना घरातच उपाशी ठेवणारे, ओसरीवर झोपवणारे वृद्धाश्रमाच्या हिशेबात येतच नाहीत. बरं, २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने काय दिलंय ते तरी या मेसेजवाल्यांनी कधी वाचलंय का? प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करायचा, वकील लागत नाही, नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे आणि महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मिळू शकतो. कलम २३ त्याहून महत्त्वाचं. सांभाळण्याच्या अटीवर मुलाला दिलेली मिळकत, त्याने सांभाळलं नाही तर परत घेता येते. फक्त ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहून घ्या. ती नसेल तर पुढे सिद्ध करताना जीव मेटाकुटीला येतो. आणि सही करण्याआधी ते वाक्य कागदात आहे की नाही, हे ज्याचं त्यालाच वाचता आलं पाहिजे. वाचून दाखवायला बसलेला बहुतेक वेळा तोच मुलगा असतो.

हुंडा आणि लाच या बाबतीत मेसेज अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करतो. मुलाच्या डिग्रीबरोबर हुंड्याचा आकडा चढतो, हे आपल्या जिल्ह्यात कोणाला शिकवायला नको. त्याहून वाईट उदाहरण मीच देतो. २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्रातली साक्षरता ७६.८८ वरून ८२.३४ टक्क्यांवर गेली आणि त्याच काळात सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमागे मुलींचं प्रमाण हजारी ९१३ वरून ८९४ वर आलं. सोनोग्राफी मशीन अंगठेबहाद्दर चालवत नाहीत. १९३० साली दलितांसाठी नाशिकच्या काळाराम मंदिराचे दरवाजे ज्यांनी बंद ठेवले तेही पोथ्या वाचणारेच होते, आणि बाहेर सत्याग्रहाला बसलेल्यांत निरक्षर पुष्कळ होते. म्हणजे शाळेत गेल्याने माणूस आपोआप सज्जन होतो, असं मी म्हणत नाही. पण न शिकल्याने होतो, हे कुठून काढलं?

यावर मोजमाप आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशभरातल्या विवाहित बायकांना विचारलं गेलं. नवरा शाळेतच न गेलेला असेल, तर ४३ टक्के बायकांनी त्याच्याकडून शारीरिक, लैंगिक किंवा मानसिक हिंसा सोसलेली होती. नवरा बारावी किंवा पुढे शिकलेला असेल तर २१ टक्के. बाईच्या स्वतःच्या शिक्षणानेही तेवढाच फरक पडतो: शारीरिक हिंसा सोसलेल्या, न शिकलेल्यांत ४० टक्के आणि बारावी किंवा पुढे शिकलेल्यांत १८. हा सगळा फरक एकट्या शाळेचा नाही, घरची परिस्थितीही त्यात येते. दारूचा हात तर शिक्षणाहून मोठा: नवरा वरचेवर झिंगत असेल तर ७० टक्के बायकांनी त्याची हिंसा सोसलेली, पीतच नसेल तर २३. तरीही शिकलेल्या बाईवर हात उचलणं कमी होतं, हे यात स्वच्छ दिसतं. मेसेज लिहिणाऱ्याने शिकलेला माणूस कसा वागतो एवढंच पाहिलं. शिकलेल्या माणसाशी इतर कसे वागतात, तिकडे त्याने पाहिलंच नाही.

राहिला शेवटचा दावा, आणि राग आहे तो याचाच. दहावीनंतर थांबवलेली मुलगी सोळाची असते. ती घरी बसली की दोन महिन्यांत स्थळं यायला लागतात. याच सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या जवळपास २२ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. संस्कार घरी मिळतात, मान्य. पण कॉलेजला जाणारी मुलगी संध्याकाळी घरीच येते ना?

तेव्हा ताई, तो मेसेज बाजूला ठेव आणि कागदांना लाग. उत्पन्नाचा दाखला सेतूतून आत्ताच काढ, निकालानंतर तिथे रांगा लागतात. नॉन-क्रिमिलेअर (उन्नत गटात नसल्याचा दाखला) लागणार असेल तर तेही सोबतच. फीची धास्ती असेल तर हे लक्षात घे: २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी कॅप (केंद्रीय प्रवेश) फेरीतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की सवलत गेली, आणि कॉलेजच्या खिडकीवर हे आपण होऊन कोणी सांगेल याच्या भरवशावर राहू नकोस.